बीट-डाळिंबाच्या पलीकडे : रक्ताच्या कॅन्सरमधला आहार

रक्ताचा कॅन्सर झाल्याचं गावात कळलं की भेटायला येणारे पहिल्यांदा आणतात ती बीट आणि डाळिंबं. पाठोपाठ खजूर येतो, गूळ-शेंगदाणे येतात, कुणीतरी सांगितलेला गव्हांकुराचा रस सुरू होतो. रोगाच्या नावातच रक्त, रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन सहा-सात; मग ‘अंगात रक्त वाढवा’ हा सल्ला प्रत्येकाच्या तोंडी असणारच. खान्देशात चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कुठेही जा, हेच ऐकाल. सल्ल्यात माया असते, पण आजार वेगळ्याच ठिकाणी असतो.

ल्युकेमियात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, हिमोग्लोबिन घसरतं ते सहसा लोह कमी पडल्यामुळे नव्हे. हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात, आणि तिथेच बिघडलेल्या पेशी जागा अडवून बसतात. लोह असतं, ते वापरणाऱ्या तांबड्या पेशीच पुरेशा बनत नाहीत. म्हणून रक्त चढवावं लागतं, आणि तांबड्या पेशींच्या एका पिशवीतून अंगात 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जातं. अन्नातून आपण दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम शोषतो, आणि जादा झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. बऱ्याच पिशव्या झाल्या की ते यकृतात, हृदयात साठू लागतं. अशा पेशंटला डॉक्टरांना न विचारता लोहाचं टॉनिक पाजणं धोक्याचं. तपासणीत लोह खरंच कमी निघालं तर गोष्ट वेगळी. बीट खायला काही हरकत नाही, भाजीच आहे ती. फक्त तिच्याकडून ल्युकेमियातलं हिमोग्लोबिन चढवण्याची आशा धरू नये.

या सगळ्या धावपळीत दंड, मांड्या आणि पोटऱ्या झिजत असतात, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. कॅन्सरच्या पेशी आणि त्यांच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती, दोन्हीकडून रक्तात सायटोकाइन नावाची रसायनं सुटतात. ती मेंदूतली भूक दाबतात आणि स्नायूंमधलं प्रोटीन मोडायला लावतात. निव्वळ उपाशी माणसाचं शरीर काही दिवसांनी चरबीवर भागवतं आणि स्नायू शक्य तितके राखतं. इथे ती काटकसर नीट होत नाही. त्यामुळे नुसतं भरपूर जेवून ही झीज पूर्ण थांबत नाही, मूळ आजारावर उपचार व्हावेच लागतात. पण जेवण कमी पडलं तर ती झपाट्याने वाढते. आणि स्नायू कमी असलेल्या पेशंटला केमोचा त्रास जास्त होतो, डोस कमी करावे लागतात, पुढे ढकलावे लागतात.

केमोची स्वतःची भर असतेच. तोंडाच्या आतलं अस्तर भराभर नवं होत असतं, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारं औषध त्यालाही सोडत नाही. तोंड येतं, गिळताना घसा जळतो, चव जाते किंवा धातूसारखी लागते. लाल तिखटाच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला शेवभाजीचा वासही नकोसा होतो, हे घरच्यांना खरंच वाटत नाही. मायलोमा या अस्थिमज्जेतल्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपणाआधी मेलफलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस देताना तोंडात बर्फाचे खडे धरायला सांगतात. गारठ्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोहोचतं आणि तोंड कमी येतं. इतका साधा उपाय इतका उपयोगी पडतो, याचं मला अजून नवल वाटतं.

वजनाचा काटाही फसवतो. ल्युकेमिया, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), मायलोमा या तिन्हींत स्टेरॉइड दिली जातात. त्यांनी भूक वाढते, अंगात पाणी धरतं, चेहरा गोल होतो आणि लोक म्हणतात, ‘तब्येत सुधारली!’ त्याच वेळी त्याच गोळ्या मांडीचे स्नायू खात असतात. जाड दिसणारा माणूसही कुपोषित असू शकतो. खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागू लागला, जिना जड झाला, तर ते डॉक्टरांना सांगावं. पोटरीचा घेर टेपने मोजता येतो: आशियाई निकषांनुसार पुरुषांत 34 आणि बायकांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू घटल्याची शंका घेतात. काट्यावरचं वजनही नोंदवत राहायचंच. 2019 साली जगभरच्या आहारतज्ज्ञ संघटनांनी ठरवलेल्या निकषांत सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त घट ही कुपोषणाची एक खूण आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. आमच्याकडे कापसाची आणि केळीची गाडी काट्यावर चढल्याशिवाय व्यवहार होत नाही, घरातल्या माणसाचं वजन मात्र वर्षानुवर्षं कुणाला माहीत नसतं.

मग द्यायचं काय? कॅन्सरच्या पेशंटला साधारणपणे किलोमागे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते दीड ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. साठ किलोला 1500 ते 1800 कॅलरी आणि 60 ते 90 ग्रॅम प्रोटीन. नुसत्या भाकरीने हे भागत नाही, पण खान्देशी स्वयंपाकात सोय आहे. कळण्याची भाकरी घ्या. तीन भाग ज्वारीला एक भाग उडीद धरला तर शंभर ग्रॅम पिठात सुमारे 13 ग्रॅम प्रोटीन येतं, नुसत्या ज्वारीत दहाच्या आसपास. शिवाय ज्वारीत लायसीन हा प्रोटीनचा घटक कमी असतो, तो उडीद भरून काढतो. डाळीचे फुणके तिखट न घालता वाफवले आणि कढीत मऊ केले तर दुखऱ्या तोंडालाही चालतात. अंडं चालणाऱ्या घरात एका अंड्याचे 6 ग्रॅम. कडक बट्टी आणि बिबड्याचे पापड मात्र प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना नकोत, हिरड्या सोलवटतात. ताट भरून पुढे ठेवण्यापेक्षा दोन-दोन तासांनी वाटीभर द्यावं. आग्रहाने पोट भरत नाही, पेशंट चिडतो तेवढा.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ‘कच्चं काहीच नको’ हे पथ्य अनेक वर्षं पाळलं गेलं. इटलीत स्टेम सेल प्रत्यारोपणाच्या पेशंटवर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक पथ्यवाल्यांना मोठे जंतुसंसर्ग कमी झाले नाहीत. तिथेही फळं-भाज्या नीट धुऊनच दिल्या जात होत्या, हे विसरू नये. आपल्याकडे पाणी उकळून घ्यावं, दूध तापवून, अन्न ताजं आणि गरम द्यावं. रस्त्यावरचा उसाचा रस नको. फळांचं काय ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

जळगावचं केळं सालीत बंद असतं, मऊ असतं, त्यात कॅलरीही असतात, त्यामुळे ते सोयीचं. पण उपचाराच्या सुरुवातीला कॅन्सरच्या पेशी एकदम फुटतात तेव्हा रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. त्या दिवसांत, किंवा मायलोमाने किडनी बिघडली असेल तर, केळं आणि नारळपाणी दोन्ही बंद करायला सांगतात. ते कायमचं पथ्य नसतं. गोळ्यांचंही जेवणाशी नातं असतं: ल्युकेमियाच्या एका प्रकारावरची इमॅटिनिब जेवणासोबत मोठा पेला पाण्याने घ्यायची, त्याच आजारावरच्या निलोटिनिबच्या नेहमीच्या कॅप्सूल मात्र उपाशीपोटी. मायलोमावरचं बोर्टेझोमिब हे औषध चालू असताना ग्रीन टी टाळायला सांगतात, कारण त्यातला एक घटक प्रयोगशाळेत या औषधाला निकामी करताना दिसला आहे.

आणि सलाईन. ‘जेवत नाही तर सलाईन लावा’ ही मागणी तालुक्याच्या दवाखान्यापासून मुंबईत परळच्या कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत ऐकू येते. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. एक केळं तेवढं देऊन जातं. प्रोटीन तर दोन्ही बाटल्यांत नाही. आठवडाभर पोटात जवळजवळ काही गेलं नसेल, किंवा पंधरवडाभर गरजेच्या साठ टक्क्यांहून कमी जात असेल, तर नाकातून पोटात बारीक नळी घालून पातळ आहार देण्याचा विचार करतात. नळी म्हणजे शेवट आला असं घरचे समजतात. तसं नसतं, तोंड बरं झालं की ती निघते. आतडी काम करत असतील तर शिरेतल्या आहारापेक्षा तीच बरी. बराच उपास घडलेल्या शरीरात अन्न एकदम ओतलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम कोसळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पहिले काही दिवस थोडंच सोडतात, आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) देतात, रोज रक्त तपासतात. ‘एवढंच का देता?’ असं नर्सशी भांडणाऱ्या नातेवाइकांना हे कारण आधीच सांगितलेलं बरं.