स्थिती-आधारित देखभाल

यंत्राचा भाग ठरावीक तास चालला म्हणून न बदलता, कंपन, तापमान, वंगणतेलातील धातूचे कण, मोटरचा विद्युत्प्रवाह अशा खुणांवरून त्याची प्रत्यक्ष अवस्था जाणून दुरुस्तीची वेळ ठरवण्याच्या पद्धतीस स्थिती-आधारित देखभाल म्हणतात. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स अशा फिरत्या यंत्रांसाठी ती विशेष उपयोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाला असे आढळले, की विमानांच्या नियमित तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि पुढे कमी होत जातात; म्हणजेच सुस्थितीतील यंत्र उघडल्यानेच काही बिघाड उद्भवत होते. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन व हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात, अभ्यासलेल्या विमानभागांपैकी सुमारे ११ टक्के भागांतच वयाबरोबर बिघाडाचा संभव वाढतो, असे दाखवले.

अनेक कारखान्यांत संवेदक (सेन्सर) असतात, नोंदीही होतात, तरी बेअरिंग अचानक जाते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे दोन मोजण्यांमधील काळाचे अंतर सोयीने ठरवलेले असते. दोष प्रथम ओळखता येण्याजोगा होण्यापासून यंत्र निकामी होईपर्यंतचा काळ हा या पद्धतीचा खरा आधार असून, मोजणीचे अंतर त्या काळाच्या निम्म्याहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

मिनिटाला १,४८० फेरे घेणाऱ्या मोटरचा दंड (शाफ्ट) सेकंदाला सुमारे २४.७ वेळा फिरतो. असंतुलनाचे कंपन याच वारंवारितेला दिसते, तर ९ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरील कड्याला पडलेला खड्डा सुमारे ८९ हर्ट्झ (सेकंदाला ८९ वेळा) या वारंवारितेला व तिच्या पटींत उमटतो. हा दोष सुरुवातीला उच्च वारंवारितेच्या क्षीण ठोक्यांतूनच कळतो. एकूण कंपन, उष्णता आणि कानाला ऐकू येणारा आवाज पुष्कळ उशिरा वाढतो, त्यामुळे केवळ हात लावून केलेली पाहणी अपुरी पडते. मोजणीची जागा, भार व वेग दर वेळी सारखे नसतील, तर नोंदींची तुलनाच होऊ शकत नाही. रंगाच्या जाड थरावर चुंबकाने बसवलेला संवेदक हे क्षीण ठोके पकडत नाही. आयएसओ २०८१६ या आंतरराष्ट्रीय मानक मालिकेतील कंपनमर्यादा प्रारंभी आधाराला घ्याव्यात, परंतु प्रत्येक यंत्राची सुस्थितीतील मूळ नोंद हाती असल्यास इशाऱ्याची पातळी अधिक नेमकी ठरते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांसारख्या हंगामी उद्योगांत गाळप चालू असतानाच, पूर्ण भारावर घेतलेल्या अखेरच्या नोंदींवरून काय उघडायचे हे ठरवता येते. चाके थांबल्यावर ती संधी उरत नाही.

सर्वांत दुर्लक्षित दुवा मात्र मोजणीनंतरचा आहे. इशारा मिळूनही कामाचा आदेश निघाला नाही, सुटा भाग भांडारात नसला किंवा शटडाऊनमध्ये (कारखाना बंद ठेवण्याच्या काळात) त्या कामाला जागा मिळाली नाही, तर मोजणी वाया जाते. काढलेले बेअरिंग भंगारात टाकण्यापूर्वी कापून पाहावे व निदान बरोबर होते का, याची नोंद निदान करणाऱ्या विश्लेषकापर्यंत पोहोचवावी. झीज कोठे झाली आहे यावरून अलाइनमेंट (जोडलेल्या दंडांची एका रेषेतील जुळणी) चुकले की ग्रीस दूषित झाले, हेही कळते आणि त्याच जागी वारंवार होणारा बिघाड मुळातून दूर करता येतो.

पूर्वसूचना न देता बंद पडणारे इलेक्ट्रॉनिक भाग, तसेच बंद पडल्याने सुरक्षितता वा उत्पादन बाधित होत नाही अशी स्वस्त यंत्रे या कार्यक्रमातून वगळणे योग्य ठरते.