इटालियन क्रियापदात जोर कुठे द्यायचा?

'कान्तो' म्हणजे मी गातो, 'कान्ता' म्हणजे तो गातो, 'कान्तानो' म्हणजे ते गातात. इटालियन शिकणारे या तिसऱ्या रूपाला हमखास अडखळतात. जोर सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो हे पाठ झालेलं असतं, म्हणून ते 'कान-ता-नो'मधल्या 'ता'वर जोर देतात. खरा जोर असतो पहिल्या 'कान'वर. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हा फरक टिपायची सवयच नसते. इटालियनमध्ये मात्र 'कापितो'तल्या 'पि'वर जोर दिला तर 'समजलं' आणि शेवटच्या 'तो'वर दिला तर 'घडलं'!

याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथला नियम वृत्तात लघु-गुरू मोजणाऱ्याला लगेच पटेल: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. पुढे शब्द झिजले, वाढले, पण जोर बहुधा जिथल्या तिथेच राहिला. 'ते गातात'चं लॅटिन रूप 'कान्तान्त'. त्यातला शेवटचा 'त' गळाला आणि नंतर 'ओ' जोडला गेला. मागे एक अक्षर वाढलं, जोर हलला नाही. भूतकाळात नेमकं उलट झालं. 'कान्तावित'मध्ये जोर 'ता'वर होता. मागचं अक्षर आक्रसून आधी 'कान्ताउत' आणि मग 'कान्तो' झालं. म्हणून 'त्याने गायलं' म्हणताना जोर शेवटी येतो. तो लिहूनही दाखवावा लागतो, नाहीतर वाचणारा 'मी गातो' असं समजेल.

खरी पंचाईत 'एरे'ने संपणाऱ्या क्रियापदांची. 'वेदेरे' (पाहणे) आणि 'लेज्जेरे' (वाचणे) यांचा शेवट सारखाच दिसतो. पण लॅटिनमध्ये पहिल्यातला 'ए' दीर्घ होता, दुसऱ्यातला ऱ्हस्व. इटालियनमध्ये तो भेद पुसला गेला, जोर तेवढा उरला: 'वेदेरे'त मधल्या 'दे'वर, 'लेज्जेरे'त पहिल्या 'लेज'वर. काही क्रियापदांनी तर गटही बदलला. 'रीदेरे' (हसणे) लॅटिनमध्ये 'वेदेरे'च्या पंगतीत होतं, आज ते 'लेज्जेरे'सारखं उच्चारतात. अशी क्रियापदं पाठच करावी लागतात.

आज्ञार्थात सर्वनामं मागे चिकटली तरी जोर ढळत नाही. 'कोम्प्रा' म्हणजे विकत घे, 'कोम्प्रामेलो' म्हणजे ते माझ्यासाठी विकत घे. दोन्हीकडे जोर 'कोम'वरच. 'फाब्ब्रिकामेलो'त (ते मला बनवून दे) तर जोराच्या अक्षरामागे तब्बल चार अक्षरं एका दमात म्हणावी लागतात.