सायकोडायनॅमिक दृष्टिकोन आणि अबोध मन

सायकोडायनॅमिक दृष्टिकोन, मराठी पुस्तकांत ज्याला मनोगतिक म्हणतात, ही सायकॉलॉजीतली एक जुनी विचारधारा. माणसाचा स्वभाव, त्याची नाती, पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्याच त्या चुका, या सगळ्यामागे त्याला स्वतःलाच माहीत नसलेल्या इच्छा आणि भीती असतात आणि त्यांची आपापसात ओढाताण चालू असते, असं ती मानते. सुरुवात सिग्मंड फ्रॉइडची (१८५६–१९३९), पण त्याच्याशी न पटून वेगळे झालेले ॲडलर आणि युंग, नंतरचे मेलनी क्लाइन, कॅरेन हॉर्नी, विनिकॉट, एरिक्सन हे पण यातच येतात, त्यामुळे सायकोडायनॅमिक म्हणजे फक्त फ्रॉइड असं समजू नये.

आधी एक घोळ दूर करायला हवा कारण तो सगळीकडे दिसतो. अबोध मन आणि सुप्त मन किंवा सबकॉन्शस हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, पण फ्रॉइडने सबकॉन्शस हा शब्द जाणूनबुजून टाळला होता. आत्ता डोक्यात नाही पण आठवायला गेलं की येतं, जसं जुन्या घराचा पत्ता, ते त्याच्या भाषेत बोधपूर्व. अबोध वेगळं, ते नुसतं विसरलेलं नसतं तर आत ढकललेलं असतं, सहन होत नाही म्हणून, आणि ते बाहेर यायला सारखं धडपडत असतं. आत दाबणारा जोर आणि बाहेर येऊ बघणारा जोर, या झटापटीमुळेच नावात ‘गतिक’ आहे, म्हणून अबोध मन म्हणजे मनातली अडगळीची खोली ही कल्पना मला अपुरी वाटते.

पुस्तकांत हिमनगाचं चित्र हमखास असतं, पाण्यावर दिसणारं टोक म्हणजे जाणीव आणि पाण्याखालचा मोठा भाग म्हणजे अबोध, पण फ्रॉइडने पहिल्या महायुद्धाच्या काळात दिलेल्या लेक्चर्समध्ये जे चित्र मांडलं ते जास्त बोलकं आहे. एक मोठी बाहेरची खोली, तिथे सगळ्या इच्छा-विचारांची गर्दी, तिला लागून एक छोटी बैठकीची खोली जिथे जाणीव बसलेली आहे, आणि मधल्या उंबरठ्यावर एक पहारेकरी जो प्रत्येकाला तपासून आत सोडतो किंवा हाकलून देतो. दमन म्हणजे हे हाकलणं.

हाकललेलं मग वेश बदलून येतं, स्वप्नात, आजाराच्या लक्षणात किंवा बोलताना जीभ घसरते तेव्हा. १९०१ च्या पुस्तकात फ्रॉइडने दिलेलं एक उदाहरण फार छान आहे, ऑस्ट्रियाच्या संसदेत अध्यक्ष सत्र उघडायला उभे राहिले आणि सत्र बंद झाल्याचं जाहीर करून बसले, कारण त्या बैठकीतून काही चांगलं निघेल असं त्यांना वाटतच नव्हतं. अर्थात बोलण्यातली प्रत्येक चूक अशी नसते, पुष्कळदा माणूस दमलेला असतो किंवा दोन शब्द सारखे असतात एवढंच.

१९२३ मध्ये त्याने मनाचे तीन भाग मांडले, इदम्, अहम् आणि पराहम्. हे शब्द आपल्याला जड वाटतात पण मूळ जर्मन शब्द अगदी घरगुती आहेत, ‘ते’, ‘मी’ आणि ‘वरचा मी’. आपणही म्हणतोच ना, ‘मी नाही केलं, ते आपोआप झालं’, तर ते ‘ते’ म्हणजे इदम्, ज्याला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. पराहम् म्हणजे लहानपणी मोठ्यांकडून आत घेतलेला धाक आणि आदर्श, आणि अहम् बिचारा दोघांच्या मध्ये आणि शिवाय बाहेरच्या जगाशीही जुळवून घेत बसतो.

ही जुळवाजुळव करताना तो ज्या युक्त्या वापरतो त्या म्हणजे संरक्षण यंत्रणा, त्यांची नीट मांडणी फ्रॉइडची मुलगी ॲना हिने १९३६ मध्ये केली. एक उदाहरण जवळून बघू. घरात नवीन बाळ आलंय, चार वर्षांचा मोठा भाऊ त्याला सारखा जवळ घेतो, पापे घेतो, पण मिठी इतकी घट्ट मारतो की बाळ रडायला लागतं. विचारलं तर म्हणतो, ‘मी लाड करतोय’. तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतंय! आईची वाटणी झाली याचा राग त्याच्या जाणिवेत येऊच शकत नाही म्हणून तो उलटा होऊन मायेच्या रूपात येतो, पण हाताच्या जोरातून निसटतोच.

टीका भरपूर झाली आणि बरीचशी रास्त आहे. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचं म्हणणं, जी थिअरी कुठल्याही वागण्याचं स्पष्टीकरण देते ती खोटी ठरवता येत नाही, मग तिला विज्ञान कसं म्हणायचं. पुरावा मोजक्या पेशंटांवरचा, १९०९ ची छोटा हान्स या मुलाची फ्रॉइडने लिहिलेली गाजलेली केस तर बहुतांशी वडिलांनी कळवलेल्या माहितीवर उभी आहे. फ्रॉइडच्या स्त्रियांबद्दलच्या मतांवर हॉर्नीने तेव्हाच कडक आक्षेप घेतले होते. मनाचं बरंच काम जाणिवेबाहेर चालतं हे आजची प्रयोगशाळाही मानते, पण ते सगळं दाबून टाकलेलंच असतं असं ती मानत नाही.

थेरपीत मात्र या विचाराची एक गोष्ट आजही जिवंत आहे, ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यातल्या भावना पेशंटने नकळत थेरपिस्टवर घालणं. समजा थेरपिस्ट दोन आठवडे सुट्टीवर गेला, पेशंट म्हणाला मला काही फरक पडत नाही, आणि नंतरच्या सेशनला वीस मिनिटं उशिरा आला, कारण काय तर ट्रॅफिक, आणि बोलता बोलता विषय निघाला न सांगता निघून जाणाऱ्या वडिलांचा. डोरा नावाने प्रसिद्ध असलेल्या पेशंटच्या बाबतीत हीच गोष्ट वेळेत हाताळता आली नाही अशी कबुली फ्रॉइडने स्वतः दिली होती, ती १९०० च्या शेवटच्या दिवशी उपचार सोडून गेली. थेरपिस्टच्या मनातही पेशंटबद्दल असंच काही उठतं, आधी तो अडथळा समजला जायचा, १९५० मध्ये पॉला हायमन यांनी तेच पेशंटला समजून घ्यायचं साधन आहे असं मांडलं, आणि मनोविश्लेषक, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेतला थेरपिस्ट, होणाऱ्याला आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं ते यासाठीच, समोरच्याचं कुठलं आणि आपलं कुठलं हे त्याला ओळखता यायला हवं.