पिंग येतोय, पण पोर्ट उघडतोय का?

उजनीच्या पंपहाऊसवरचं पॅनेल घ्या, किंवा मोहोळ-बार्शीकडच्या एखाद्या गावच्या टाकीवरचं. तिथून सोलापुरातल्या कंट्रोल रूमच्या सर्व्हरकडे आकडे येणं थांबलं की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पिंग येतोय का?" म्हणजे दुसऱ्या टोकाच्या मशीनला मारलेल्या हाकेला नुसती 'ओ' येते का? समोरून "येतोय साहेब" आलं की नेटवर्क ठीक समजून दोष सॉफ्टवेअरवाल्यावर जातो. "येत नाही" आलं की सिम बदलायला आणि अँटेना फिरवायला सुरुवात होते. दोन्ही वेळा निष्कर्ष घाईचा असतो. पिंग जे तपासतो आणि आकडे पोचायला जे लागतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे टाकीची पातळी न दिसणं म्हणजे कुणाची तरी पाण्याची पाळी हुकणं. म्हणून हा फरक नीट समजून घ्यायलाच हवा.

पिंग हा माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम. तो आयसीएमपी नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे मशीनांच्या बोलण्याच्या ठरलेल्या नियमांवर, चालतो. आठ नंबरच्या प्रकारचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जातं, शून्य नंबरच्या प्रकारचं उत्तर येतं. यात पोर्ट, म्हणजे मशीनवर प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी असलेलं क्रमांकाचं दार, हा प्रकारच नाही. शिवाय उत्तर देते ती सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, स्काडाचं, म्हणजे दूरच्या साइटवरचे आकडे गोळा करणारं, सॉफ्टवेअर नव्हे. ते सॉफ्टवेअर रात्री बंद पडलं असलं तरी पिंग सकाळी छान उत्तर देत राहतो. कधी तर उत्तर सर्व्हरचंही नसतं, त्याच्या पुढे बसवलेल्या, कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या फायरवॉलचं असतं. याच्या उलटही घडतं. अनेक ठिकाणी फायरवॉल आयसीएमपी मुद्दाम अडवते आणि कामाचा पोर्ट तेवढा मोकळा ठेवते. पिंग एकही नाही, आकडे मात्र व्यवस्थित येताहेत, अशी साइट पूर्णपणे निरोगी असू शकते.

पोर्टची तपासणी टीसीपी या जोडणीच्या प्रोटोकॉलमधल्या सुरुवातीच्या ओळखीवर (हँडशेक) चालते. उपकरण 'सिन' पाठवतं, सर्व्हर 'सिन-अ‍ॅक' देतो, उपकरण 'अ‍ॅक' देतं. एवढं झालं की त्या पोर्टवर कुणीतरी ऐकत बसलंय हे नक्की. पण माझ्या मते खरी माहिती ही तपासणी फसते तेव्हा मिळते, कारण ती दोन तऱ्हांनी फसते. एकात क्षणात 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. म्हणजे पॅकेट पोचलं, परतही आलं, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हिस बंद असेल, पोर्ट चुकीचा टाकला असेल, किंवा सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्याच मशीनच्या पत्त्यावर ऐकत असेल. काही फायरवॉलही असा नकार पाठवतात, तेवढं ध्यानात ठेवायचं, पण बहुतेक वेळा साइटवर धावायची गरज नसते. दुसऱ्यात बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी 'टाइम आउट' येतं. म्हणजे वाटेत कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून देतंय, किंवा उत्तराला परतीची वाट नाही. पहिल्यात सर्व्हर पाहायचा, दुसऱ्यात रस्ता. नुसतं "कनेक्ट होत नाही" एवढंच कळवलं, तर हा सगळा भेद वाया जातो.

विंडोजवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. विंडोजला आज्ञा टाइप करून देण्याच्या पॉवरशेलमधल्या 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेला पोर्टचा क्रमांक दिला नाही, तर तीही फक्त पिंगच करते. क्रमांक दिला आणि पोर्ट उघडला नाही, तर ती आपणहून पिंग करून बघते. मग पडद्यावर पिंगसमोर 'ट्रू' आणि टीसीपीसमोर 'फॉल्स' अशा दोन ओळी दिसतात. वाचायची असते टीसीपीची ओळ.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तपासणी कुठून करायची यावर. कोण कुणाला हाक मारतं हे आधी ठरवा. एमक्यूटीटी, मॉडबस टीसीपी आणि आयईसी १०४ या आकडे पाठवायच्या तीन पद्धती. एमक्यूटीटी असेल तर साइटवरचं उपकरण सर्व्हरच्या १८८३ किंवा सुरक्षित ८८८३ पोर्टला जोडतं. मॉडबस टीसीपीत पोर्ट ५०२ आणि आयईसी १०४ मध्ये पोर्ट २४०४ उपकरणावर उघडा असतो आणि सहसा कंट्रोल रूम हाक मारते. जो हाक मारतो त्याच्याच बाजूने तपासायचं. साध्या मोबाईल सिमला बऱ्याचदा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता मिळतो. तो कंपनीच्या आतला पत्ता असतो, बाहेरून तिथे पोचता येत नाही. सर्व्हरवरून अशा उपकरणाला पिंग करून "साइट डाऊन" लिहिणं हा त्या उपकरणावर अन्याय आहे. ते एमक्यूटीटीवर मजेत बोलत असू शकतं. अशा सिमवर मॉडबस किंवा १०४ चालवायचं असेल, तर खासगी एपीएन (मोबाईल कंपनीने दिलेली स्वतंत्र वाट) किंवा व्हीपीएन (इंटरनेटमधून नेलेला खासगी बोगदा) लागतोच.

पॅनेलशेजारी लॅपटॉप उघडून स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून केलेली तपासणीही फसवी ठरते. सिम वेगळं, एपीएन वेगळा, सर्व्हरला दिसणारा पत्ता वेगळा. फायरवॉलने ठरावीक पत्त्यांनाच परवानगी दिली असेल, तर लॅपटॉपला मिळालेलं उत्तर पॅनेलला लागू नाही. तपासणी त्याच मोडेममधून झाली पाहिजे. अडचण अशी की स्वस्त मोडेमच्या पानावर पिंगचं बटण असतं आणि पोर्ट तपासायची सोय नसते. मग सर्व्हरवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन लावून पाहायचं. 'सिन' येतच नसेल तर अडथळा वाटेत किंवा उपकरणात आहे. 'सिन' येतं, 'सिन-अ‍ॅक' जातं आणि तरी तेच 'सिन' पुन्हा पुन्हा येत राहतं, तेव्हा उत्तर परत पोचत नाही. तुम्ही कंट्रोल रूममधून हलला नाहीत, तरी एवढं कळतं.

टीसीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या यूडीपी या प्रोटोकॉलच्या बाबतीत जपून. तिथे ओळखच नसते, त्यामुळे 'एनसी'सारखं पोर्ट तपासायचं साधन काहीच उत्तर आलं नाही तरी पोर्ट उघडा दाखवू शकतं. घड्याळ लावणारा एनटीपी १२३ या यूडीपी पोर्टवर चालतो, आणि तो अडला तर त्रास भलतीकडे दिसतो. बॅटरी मेलेल्या उपकरणाचं घड्याळ १९७० किंवा २००० सालात जातं, सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं, आणि ८८८३ उघडूनही सुरक्षित जोडणी तुटते. आयईसी १०४ मध्येही नुसता पोर्ट उघडून भागत नाही, 'आकडे पाठवायला सुरुवात कर' असं सांगणाऱ्या 'स्टार्ट-डीटी'ची देवाणघेवाण झाल्याशिवाय आकडे सुटत नाहीत.

म्हणून पिंग टाकाऊ आहे असं नाही. टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवतं, त्यामुळे पोर्टच्या तपासणीत गळती झाकली जाते. पिंगमध्ये ती उघडी दिसते. आषाढीला पंढरपुरात लाखो मोबाईल एकाच वेळी टॉवरवर येतात, तेव्हा तासभर चालू ठेवलेला पिंगच सांगतो की उत्तराची वेळ किती वाढली आणि किती पॅकेटं हरवली. मोठ्या पॅकेटसाठीही तोच कामाचा. विंडोजचा पिंग ३२ बाइटचा, पोर्टची ओळखही लहानशीच, म्हणून व्हीपीएनवर दोन्ही पास होतात आणि मोठा डेटा अडकतो. तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा पिंग द्या. त्यावर २८ बाइटचे मथळे (हेडर) धरून १५०० होतात. तो अडला तर आकार कमी करत जा. जिथे उत्तर येऊ लागतं, त्यात २८ मिळवून मोडेमचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) लावा.

आणि एक प्रकार या दोन्ही तपासण्यांत सापडत नाही. जोडणी उघडी असते पण बराच वेळ काही जात-येत नाही, तेव्हा मोबाईल कंपनीचं नॅट, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यांशी जोडणारी यंत्रणा, ती विसरून जातं. उपकरणाला मात्र लाइन जिवंतच वाटते. नवीन पिंग येतो, नवीन पोर्ट उघडतो, जुनी जोडणी मेलेलीच. आयईसी १०४ मध्ये यासाठी साधारण २० सेकंद शांतता गेली की चाचणीचं पॅकेट जातं. एमक्यूटीटीत असं पॅकेट किती वेळाने जावं हे ठरवणारा 'कीप-अलाइव्ह' आपल्याला लावावा लागतो. तो नॅटच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा, आणि त्याचं उत्तर आलं नाही तर उपकरण स्वतःहून पुन्हा जोडतंय ना, हे साइट सोडण्याआधी एकदा सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहून घ्या.