पिकअप, ट्रेलर आणि डीओटी नंबर: घोडं नेमकं कुठे अडतं

अमेरिकेत पिकअपला ट्रेलर जोडून छोटा व्यवसाय करणाऱ्या बहुतेकांची समजूत असते की डीओटी नंबर (परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक) आणि मेडिकल कार्ड (चालक तंदुरुस्त असल्याचा दाखला) ही भानगड अठरा चाकी ट्रकवाल्यांची. मग एक दिवस माल घेऊन शेजारच्या राज्यात जाताना तपासणीत अडवतात आणि गाडी तिथेच उभी राहते.

सगळा घोळ बेरजेचा आहे. पिकअपच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर गाडीचं मालासकट कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, छापलेलं असतं. तशीच पाटी ट्रेलरवर. व्यवसायासाठी राज्याबाहेर जात असाल आणि या दोन आकड्यांची बेरीज १०,००१ पाउंड किंवा जास्त भरली, तर डीओटी नंबर आणि मेडिकल कार्ड दोन्ही लागू. ७,००० पाउंडांची साधी पिकअप आणि ३,५०० चा लहानसा ट्रेलर, झाले १०,५००. ‘ट्रेलर रिकामा आहे हो’ हे उत्तर चालत नाही, कारण आकडा पाटीवरचा धरतात. ‘माल माझाच आहे, मी भाडं कुठे घेतो?’ हेही चालत नाही. स्वतःचा कॅम्पर घेऊन सुट्टीला निघालात किंवा घरचं सामान हलवताय, तर मात्र यातून सूट आहे. राज्याच्या आतल्या आत फिरणाऱ्यांनी आपल्या राज्याचा नियम पाहावा, कारण बऱ्याच राज्यांना तिथेही हा नंबर लागतो.

व्यावसायिक परवाना, म्हणजे सीडीएल, ही वेगळी पायरी. बेरीज २६,००१ पाउंड किंवा जास्त आणि त्यात ट्रेलर एकटा १०,००० च्या वर, या दोन्ही गोष्टी जुळल्या तर क्लास ए परवाना लागतो. १४,००० ची ड्युअली (मागे दुहेरी चाकांची पिकअप) आणि १४,००० चा ट्रेलर घेणारे इथेच फसतात. बाजारात ९,९९० ची पाटी लावलेले इतके ट्रेलर का दिसतात, ते आता लक्षात येईल. जुना ट्रेलर घेताना पाटी वाचता येते का ते आधी बघा, रंग नंतर.

डीओटी नंबरचा अर्ज फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. डीओटी नंबरला शुल्क नाही. नंबर मिळाल्यावर सरकारी वाटणारी, पैसे मागणारी पत्रं येऊ लागतात. ती बहुतेक खासगी कंपन्यांची असतात, खात्री केल्याशिवाय पैसे भरू नका. अर्जात एक जागा जपून भरा. स्वतःचाच माल नेत असाल तर भाड्याने माल नेणाऱ्यांच्या रकान्यात खूण करू नका. केलीत, तर ऑपरेटिंग अथॉरिटी (भाड्याने माल नेण्याची परवानगी), तिचे ३०० डॉलर आणि विम्याची कागदपत्रं मागे लागतात आणि अर्ज लटकतो. नंबर आला की व्यवसायाच्या नावासह तो गाडीच्या दोन्ही बाजूंना, ५० फुटांवरून वाचता येईल असा लावायचा.

आता मेडिकल कार्ड. हा कागद बहुतेकांकडे नसतोच. नेहमीचा फॅमिली डॉक्टर ते देऊ शकेलच असं नाही, कारण तपासणारा राष्ट्रीय नोंदणीतलाच लागतो. कार्ड जास्तीत जास्त २४ महिन्यांचं. पूर्ण २४ महिन्यांचं हवं असेल तर रक्तदाब १४०/९० च्या आत हवा, चष्मा असेल तर सोबत न्या. इन्सुलिन घेणाऱ्यांची गत सगळ्यात वाईट होते. त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून एमसीएसए-५८७० हा फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि त्यावर सही झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी सुरू व्हावी लागते. लोक आधी फॉर्म घेतात, मग अपॉइंटमेंट शोधत बसतात, आणि ४५ दिवस उलटून जातात. उलटं करा: तपासणीची तारीख आधी ठरवा. साखरेच्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदीही लागतात. त्या अपुऱ्या असतील तर वर्षाचं कार्ड मिळत नाही, फार तर तीन महिन्यांचं मिळतं.

वार्षिक तपासणी पिकअपची वेगळी आणि ट्रेलरची वेगळी. ट्रेलरची हमखास विसरतात. इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरवर एक छोटी बॅटरी असते. ट्रेलर सुटला तर तिच्या जोरावर ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं धरून राहायला हवेत. ती बॅटरी वर्षानुवर्षं मेलेली असते, कुणी बघत नाही. दुसरं म्हणजे तिला चालू करणारी पिन ज्या दोरीने ओढली जाते, ती दोरी सोयीचं म्हणून हिचच्या बॉलला (ट्रेलर ज्यावर बसतो त्या गोळ्याला) अडकवलेली दिसते. बॉलच निखळला तर तो ट्रेलरबरोबरच जाईल, दोरी ओढली जाणार कशी? ती पिकअपच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बांधा.

राहिलं डीओटी नंबरचं नूतनीकरण. ‘दर दोन वर्षांनी’ याचा अर्थ नंबर मिळाल्यापासून दोन वर्षं असा सगळेच लावतात. तसं नाही. महिना ठरतो डीओटी नंबरच्या शेवटच्या अंकावरून: १ म्हणजे जानेवारी, ९ म्हणजे सप्टेंबर, ० म्हणजे ऑक्टोबर. त्याआधीचा अंक विषम असेल तर विषम वर्षी, सम असेल तर सम वर्षी. नंबरच्या शेवटी ३७ असेल तर प्रत्येक विषम वर्षी जुलैअखेरपर्यंत. काहीही बदललं नसलं, तरी माहिती भरावीच लागते. नाही भरली तर नंबर बंद होतो, शिवाय दिवसाला १,००० डॉलरपर्यंत, एकूण १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो.