दुधाळ जनावरांतील प्रतिजैविके

गाय, म्हैस, शेळी यांसारख्या दुधाळ जनावरांच्या जिवाणूजन्य आजारांवर दिली जाणारी, जिवाणू मारणारी किंवा त्यांची वाढ थोपवणारी औषधे. गोठ्यात त्यांचा सर्वांत जास्त वापर कासदाहासाठी, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतल्या ‘दगडी’साठी होतो. घटसर्प, फऱ्या, वासरांचा न्यूमोनिया आणि व्यायल्यानंतर गर्भाशयात झालेला संसर्ग ही इतर नेहमीची कारणे. माणसाच्या उपचारात औषध घेणारा आणि ते अंगात वागवणारा एकच असतो. दुभत्या गाईला दिलेले औषध मात्र कासेतून दुधात उतरते आणि ते दूध भलताच कोणीतरी पितो. त्यामुळे औषध कोणते व किती, याच्या जोडीला ते अंगातून कधी निघून जाते हा प्रश्न येथे पहिल्या दिवसापासून असतो.

रक्तातले सगळे औषध दुधात सारख्या प्रमाणात उतरत नाही. रक्ताचा सामू, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचे माप (पीएच), सुमारे ७.४, तर निरोगी दुधाचा ६.६ ते ६.८ असतो. टायलोसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी सौम्य अल्कधर्मी औषधे या थोड्या आम्ल दुधात शिरली की तिथेच अडकतात व साठतात. पेनिसिलिन सौम्य आम्लधर्मी असल्याने ते रक्तातून कासेत कमी जाते. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन हीदेखील कासेत फारशी पोहोचत नाहीत. जेंटामायसिन उलट मूत्रपिंडात महिनोन्महिने रेंगाळते. कास सुजली की दुधाचा सामू रक्ताच्या जवळ सरकतो आणि हे गणित पुन्हा बदलते. सडातून औषधाची ट्यूब सोडण्याची पद्धत रूढ झाली ती यामुळेच: औषध थेट जागेवर जाते.

कासदाह म्हणजे एकच आजार नव्हे. स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टी हा जंतू पेनिसिलिनला चांगला दाद देतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेच्या ऊतींत दडून बसतो, त्याचे काही वाण पेनिसिलिन फोडणारे विकर तयार करतात आणि जुनाट झालेली अशी कास बहुधा पूर्ण बरी होत नाही. ई. कोलायचा सौम्य कासदाह अनेकदा गाय स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर परतवते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे ती भित्तिका मोडणाऱ्या पेनिसिलिनचा तिथे काही उपयोग नाही. लाळ्या-खुरकूत आणि लंपी हे विषाणूंचे आजार. त्यांत प्रतिजैविक दिले जाते ते जखमांत नंतर शिरणाऱ्या जिवाणूंसाठी, मूळ आजारासाठी नाही. दुधाचा नमुना औषध देण्याआधी निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवला तर जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे कळते. प्रत्यक्षात नमुना बहुधा तीन औषधे वापरून झाल्यावर जातो, आणि तोवर त्यात सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते.

मात्रा वजनावर ठरते आणि गोठ्यात वजनकाटा नसतो. त्यासाठी टेप पुरते: छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ७० इंच व लांबी ५८ इंच असलेली गाय अशी साधारण ४३० किलो भरते. दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम. बाटलीत मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅम असेल तर या गाईला ४३ मिली लागते, तेही वेगवेगळ्या जागी विभागून. वीस मिलीवर भागवले तर मात्रा निम्मीही होत नाही. जंतू मरत नाहीत आणि दूध मात्र तेवढेच बिघडते. पेनिसिलिनचा परिणाम रक्तातली पातळी किती वेळ टिकते यावर अवलंबून असल्याने त्याची वेळ चुकवून चालत नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांत पातळी किती उंच जाते याला महत्त्व असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला टेट्रासायक्लिनसारखी औषधे तोंडाने पाजू नयेत, कारण कोठीपोटातले चारा पचवणारे जंतू मरतात आणि गाय खाणेच सोडते. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला बांधले जाते, म्हणून दुग्धज्वरासाठी लावलेल्या कॅल्शियमच्या सलाईनमध्ये ते मिसळायचे नसते.

ट्यूब सोडण्यात घाई झाली तर उपचारच संसर्ग आत नेतो. कास पूर्ण पिळून रिकामी करायची, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसायचे, नळीचे टोक थोडेसेच आत घालायचे. चारही सडांत ट्यूब सोडायची असेल तर पुसताना आधी पलीकडचे सड घ्यावेत आणि सोडताना आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. औषध एकाच सडात सोडले असले तरी वर्ज्य करायचे ते चारही सडांचे दूध. रक्तावाटे ते बाकीच्या सडांतही जाते.

शेवटच्या मात्रेनंतर दूध, मांस किंवा अंडी वापरायची नाहीत त्या अवधीला वर्ज्य काळ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘विथड्रॉवल पिरियड’. भारतात औषध नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो औषधाच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. एखाद्या औषधासाठी तो प्रयोगाने ठरलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरावे लागतात. हा अवधी लेबलावरच्या मात्रेपुरताच खरा असतो. मात्रा दुप्पट केली, दोन औषधे एकत्र केली किंवा दिवस वाढवले की तोही लांबतो. नियम कागदावर सोपा वाटतो, पण रोज १२ लिटर देणाऱ्या गाईचे ७ दिवसांचे दूध ८४ लिटर होते. लिटरला ३० रुपये धरले तरी अडीच हजारांवर रक्कम जाते, आणि ती एकट्या गोठेवाल्याच्या खिशातून. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पाहून भाव ठरतो, औषधमुक्त दुधाला वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत. वर्ज्य काळ मोडला जातो यामागे अज्ञानापेक्षा हा हिशेब अधिक असावा.

किती थोड्या औषधाने किती दूध बाधित होते हेही पाहण्यासारखे आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुधात पेनिसिलिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १ मिलिग्रॅम पेनिसिलिन अडीचशे किलो दुधाला मर्यादेवर नेऊन ठेवते आणि १०,००० किलोच्या टँकरला ४० मिलिग्रॅम पुरतात. दहा लाख युनिटच्या एका कुपीत सुमारे ६०० मिलिग्रॅम असते. उकळल्याने यातले बहुतेक टिकून राहते. अशा दुधाला विरजण लागत नाही, कारण दह्याचे जंतूच मरतात. मात्र दही लागले म्हणून दूध निर्दोष ठरत नाही, मर्यादेच्या थोडे वरचे प्रमाण ते जंतू सहन करू शकतात. डेअऱ्यांत काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या वापरतात. जुनी खात्रीची चाचणी वेगळी आहे: जांभळ्या जेलमधील जिवाणूंच्या बीजाणूंवर दूध टाकून सुमारे ६४ अंश सेल्सियसला तीनेक तास ठेवतात. जंतू वाढले तर आम्ल तयार होऊन जेल पिवळे पडते, जांभळेच राहिले तर दुधात औषध आहे.

गाय आटवताना, म्हणजे पुढच्या वेताआधी दूध काढणे थांबवताना, सडांत सोडायच्या ट्यूबमधले औषध मुद्दाम आठवडेच्या आठवडे टिकेल असे बनवलेले असते. गाय अपेक्षेपेक्षा आधी व्याली तर चिकातही ते उतरते. आपल्याकडे चीक शेजारीपाजारी वाटतात, खरवस होतो; ट्यूब कोणत्या तारखेला सोडली हे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेले असले तरी पुष्कळ काम होते. वर्ज्य काळातले दूध वासरांना पाजण्याची पद्धतही सोडावी लागते. त्या अल्प मात्रेत वासराच्या आतड्यात प्रतिरोधक जंतूच निवडून वाढतात.

हेच प्रतिरोधक जंतू शेणातून, पाण्यातून व हातांवाटे माणसांत येऊ शकतात. माणसांच्या गंभीर संसर्गात शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन पूर्वी कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळले जाई. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूतून दुसऱ्यात नेणारे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांवर २०२५ मध्ये तशीच बंदी आली. सेफ्ट्रिॲक्झोन हे माणसांच्या रुग्णालयांतले महत्त्वाचे इंजेक्शन मात्र साध्या तापातही गाईला टोचले जाते, आणि त्याला आवर घालणे बाकी आहे.

औषधाची गरजच कमी करण्याचे उपाय साधे आहेत. धार काढल्यावर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते. त्या वेळी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून गाईपुढे वैरण टाकली की ती उभी राहते व शेणात बसत नाही. लक्षणे दिसण्याआधीचा कासदाह चार कपांच्या ट्रेमधील सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणीने कळतो: दूध आणि चाचणीचे द्रावण समप्रमाणात हलवले की बाधित दूध जेलीसारखे घट्ट होते. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना यांचा कासेवर लावायचा लेप प्रचारात आणला आहे. त्यात प्रतिजैविक नसल्याने दूध ओतून द्यावे लागत नाही, आणि सौम्य सुजेत तो आधी वापरून पाहायला हरकत नाही. कास गरम, गाईला ताप, चारा बंद अशी अवस्था असेल तर लेपावर वेळ न घालवता त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवावा लागतो.