डिजिटल डायरी : रोजच्या वेळापत्रकासाठी निवड

भेटीच्या वेळा, कामांची यादी, पत्ते व दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवणारे आणि नेमलेल्या वेळी गजर देणारे, खिशात मावणारे व सेलवर चालणारे उपकरण. भारतात कॅसिओ कंपनीच्या उपकरणांमुळे ‘डिजिटल डायरी’ हे नाव रुळले. पुढे पडद्यावर लिहिता येणाऱ्या उपकरणांना ‘पीडीए’ किंवा सरसकट ‘पामटॉप’ म्हणू लागले. स्मार्टफोन आल्यावर या उपकरणांचे उत्पादन जवळजवळ थांबले, तरी जुन्या बाजारात ती मिळतात आणि फोनपासून वेळापत्रक वेगळे ठेवू इच्छिणारे थोडे लोक ती आजही वापरतात. या नोंदीत इतिहासापेक्षा निवडीचा विचार अधिक केला असून उदाहरणे नाशिक शहर व जिल्ह्यातील दिनक्रमांतून घेतली आहेत.

ब्रिटनमधील सायन कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ साली बाजारात आला. त्याचा पडदा एका ओळीचा, सोळा अक्षरांचा होता आणि साठवणीच्या पट्ट्या पुसायला अतिनील प्रकाश लागे. १९८६ च्या दुसऱ्या आवृत्तीने त्याला खऱ्या अर्थाने दैनंदिनीचे रूप दिले. कॅसिओ आणि शार्प या जपानी कंपन्यांनी त्याच दशकात घडीच्या, छोट्या कळफलकाच्या डायऱ्या आणल्या. ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ (पीडीए) हा शब्दप्रयोग अॅपलचे तत्कालीन प्रमुख जॉन स्कली यांनी १९९२ साली प्रचारात आणला आणि १९९३ मध्ये त्या कंपनीचा न्यूटन आला. मात्र हस्ताक्षर ओळखण्यातील त्याच्या चुकांची चेष्टाच अधिक झाली. मार्च १९९६ मध्ये आलेल्या पाम कंपनीच्या पायलटने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. यंत्राने माणसाचे अक्षर ओळखण्याऐवजी माणसाने यंत्रासाठी सोपी केलेली ‘ग्राफिटी’ ही एकटाकी लिपी शिकायची, असा तो तोडगा होता. भारतात बेंगळुरू येथे सिंप्युटर हे स्वदेशी उपकरण घडले आणि २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने विक्रीस आले, पण ते सर्वसामान्यांच्या खिशापर्यंत फारसे पोहोचले नाही.

निवडीतील पहिला प्रश्न कोणते उपकरण घ्यावे हा नसून नोंदी कुणाच्या आहेत हा आहे. मराठी घरातले सामाईक वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर असते. कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी आणि मुलांच्या परीक्षा एकत्र नांदतात आणि घरातील कोणीही ते जाता-येता वाचते. हे काम डिजिटल डायरीला जमत नाही, कारण ती एकाच्याच खिशात असते. ज्याच्या नोंदी एकट्याच्या आहेत, वारंवार बदलतात आणि घराबाहेर असताना घ्याव्या लागतात, अशाच माणसाला तिचा उपयोग होतो : उदाहरणार्थ, दिवसाला दहा-बारा दवाखाने गाठणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, वेगवेगळ्या न्यायालयांतील तारखा सांभाळणारा वकील, किंवा चार-पाच ठिकाणचे प्लॉट पाहणारा द्राक्ष सल्लागार. वर्षारंभी भेट मिळालेली कागदी डायरी ज्यांची मार्चनंतर कोरीच राहते, त्यांनी इलेक्ट्रॉनिक डायरी घेतल्याने सवय लागते असे सहसा दिसत नाही.

उपकरण निवडताना वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा नोंद घालायला लागणारा वेळ महत्त्वाचा मानावा. पायलटचे जनक जेफ हॉकिन्स हे उपकरण प्रत्यक्षात येण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत आणि भेट ठरली की तो काढून त्यावर लिहिण्याचा आविर्भाव करीत. या खटाटोपातून जे यंत्र आले, त्यात डावीकडची गोल कळ दाबताच बंद उपकरण सुरू होऊन थेट आजचे पान उघडते. तासासमोरच्या रेघेवर लेखणी टेकवायची आणि पडद्याखालच्या चौकटीत लिहायचे. अक्षरे डाव्या भागात, आकडे उजव्या भागात. ‘ए’ म्हणजे आडवी रेघ नसलेला उलटा ‘व्ही’, डावीकडून उजवीकडे ओढलेली रेघ म्हणजे मोकळी जागा, उजवीकडून डावीकडे ओढलेली म्हणजे खोडणे. दोन-तीन दिवसांत हात बसतो. याउलट सायनच्या सीरीज ५ (१९९७) या उपकरणाला खरा कळफलक आहे आणि टेबलावर ठेवून लांब टिपण करायला ते निश्चितच सरस आहे. परंतु नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज ये-जा करणारा पासधारक दाराशी उभा राहून एका हाताने दांडी धरतो, तेव्हा घडी उघडून टंकलेखन करणे त्याला शक्य नसते. अशा माणसाने दुकानात उभे राहून ‘गुरुवार, साडेचार, दातांचे डॉक्टर’ एवढी नोंद स्वतः घालून पाहावी. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत असेल, तर ते उपकरण महिन्याभरात कपाटात जाते.

दुसरी कसोटी स्मृतीची, आणि सर्वांत जास्त नुकसान तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने झाले आहे. या पिढीतील बहुतेक उपकरणांत नोंदी अस्थिर स्मृतीत राहतात. म्हणजे विद्युतपुरवठा तुटला की त्या पुसल्या जातात. कॅसिओच्या अनेक डायऱ्यांत त्यासाठी मुख्य बटण सेलांखेरीज स्मृती राखणारा आणखी एक बटण सेल असतो, आणि सर्व सेल एकाच वेळी कधीही काढू नयेत, अशी ताकीद माहितीपुस्तिकेत दिलेली असते. व्यवहारात काय होते ते पाहण्याजोगे आहे. डायरीचा पडदा फिका पडतो, मालक ती घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात देतो, कारागीर सवयीने मागचे झाकण उघडून तिन्ही सेल चिमट्याने काढून काचेवर ठेवतो आणि नवे तीन बसवतो. पडदा झळझळीत काळा होऊन सुरू होतो, पण त्यात एकही नाव उरलेले नसते. म्हणून सेल स्वतः बदलावा : आधी मुख्य सेल, त्यानंतर उपकरण सुरू होऊन नोंदी दिसतात याची खात्री, आणि मगच राखीव सेल. पायलटमध्ये राखीव सेल नाही. छोटे दोन पेन्सिल सेल काढल्यावर आतील धारित्र (कपॅसिटर) सुमारे मिनिटभर स्मृती तगवते, त्यामुळे नवे सेल आवरणातून काढून हाताशी ठेवल्याशिवाय जुन्यांना हात लावू नये. २००४ सालच्या टंग्स्टन टी ५ पासून पाम उपकरणांत, आणि २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पासून पॉकेट पीसी (मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणाऱ्या) प्रकारात, पुरवठा गेला तरी टिकणारी स्मृती आली. विसराळू माणसाने या सालापुढचेच उपकरण शोधावे.

स्मृतीच्या आकारमानाचा मात्र विक्रेते उगाच बाऊ करीत. चाळीस अक्षरांची एक नोंद धरली तर ६४ किलोबाइटच्या साध्या डायरीतही हजाराहून अधिक नोंदी मावतात आणि दोन मेगाबाइटमध्ये अनेक वर्षांचे वेळापत्रक राहते.

तिसरी बाब वापरणाऱ्याच्या कालगणनेची. उपकरणांची रचना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या कार्यालयीन दिवसावर बेतलेली असते. पामच्या दैनिक पानावर सुरुवातीस याच वेळा दिसतात. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात फिरत्या पाळीवर असलेल्या कामगाराला त्या सेटिंगमध्ये जाऊन बदलाव्या लागतात. तीन पाळ्या आठवड्याने बदलत असतील, तर ‘दर तीन आठवड्यांनी’ अशी पुनरावृत्ती लावून वर्षाचे काम तीन नोंदींत उरकायला हवे, परंतु रात्रपाळी येथे आडवी येते, कारण पामच्या मूळ दैनंदिनीत मध्यरात्र ओलांडणारी एकसंध नोंद घालता येत नाही आणि तिचे दोन तुकडे करावे लागतात. पुनरावृत्तीची सोयच नसलेल्या साध्या डायरीत प्रत्येक आठवडा हाताने भरावा लागतो. पाळीवाल्याने ती घेऊ नये.

द्राक्षबागायतदाराचा दिवस तारखेने नव्हे, छाटणीपासून मोजला जातो. निफाड, दिंडोरी भागात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी, होते. बागलाणात लवकर येणाऱ्या मालासाठी फळछाटणी पावसाळ्यातच धरतात. गोडी छाटणीनंतर डाऊनी व भुरी या रोगांवरील फवारण्या, घडांची विरळणी, वाढीसाठीच्या संजीवकाच्या बुडवण्या ही सारी कामे ‘कितव्या दिवशी’ या हिशोबाने ठरतात, आणि एकाच शेतकऱ्याचे तीन प्लॉट आठ-आठ दिवसांच्या अंतराने छाटलेले असतील तर एकच तारीख तीन निरनिराळे दिवस दर्शवते. ही भाषा कोणत्याही सर्वसाधारण डिजिटल डायरीला येत नाही. छाटणीच्याच संध्याकाळी बसून त्या प्लॉटच्या पुढील सर्व तारखा मोजून भरणे आणि प्रत्येक नोंदीच्या आरंभी प्लॉटचे अक्षर व दिवसाचा आकडा लिहिणे, एवढाच उपाय राहतो. त्यामुळे बागायतदाराने दोन तारखांमधील दिवस मोजून देणारी सोय आहे का, हे इतर कशाहीपेक्षा आधी पाहावे. पाऊस झाला की यातले निम्मे दिवस मागेपुढे सरकतात, तेव्हा नोंद न पुसता दुसऱ्या तारखेवर हलवता येणे ही सोयही तितकीच मोलाची ठरते.

तिथीचा प्रश्न याहून अवघड आहे. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने संकष्टी चतुर्थीला मासिक पुनरावृत्ती लावता येत नाही. तिथीची वृद्धी व क्षय आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा अधिक मास यांमुळे ठरावीक दिवसांचे अंतर धरूनही ती जुळत नाही. शिवाय संकष्टीला चंद्रोदय हवा, आणि तो गावागणिक बदलतो. त्र्यंबकेश्वर येथील पौरोहित्य करणारे, मुहूर्तावर अवलंबून असलेले मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक किंवा केटरर यांना पंचांग समोर ठेवूनच नोंदी भराव्या लागतात. घरगुती वापरासाठी नवे कालनिर्णय आणले की त्याच रात्री वर्षभराच्या संकष्ट्या, एकादश्या व श्राद्धतिथी इंग्रजी तारखांनी भरून टाकणे, ही पद्धत त्रासाची असली तरी वर्षातून एकदाच करावी लागते. पामच्या कॅलेंडरची मर्यादा १९०४ ते २०३१ अशी असल्याने नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ त्यात नोंदता येतो. बारा वर्षांनी येणाऱ्या त्यापुढच्या सिंहस्थाला त्यात जागा नाही.

लिपीच्या बाबतीत या पिढीने मराठी वापरकर्त्याची निराशाच केली. बहुतेक उपकरणांत देवनागरी नव्हती, आणि लोक ‘दवाखाना पाच वाजता’ हेच रोमन अक्षरांत लिहीत. अशा लेखनात एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी पडते आणि शोधताना सापडत नाही; कुलकर्णी ‘के’ने लिहायचे की ‘सी’ने, हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतलेले बरे.

पडद्याविषयी प्रचलित समज आणि अनुभव यांत तफावत आहे. रंगीत पडदा दुकानात आकर्षक दिसतो, पण मागून प्रकाश देणारा पडदा भर उन्हात फिका पडतो. जुना करडा पडदा बाहेरच्या प्रकाशाच्या परावर्तनावर वाचला जात असल्याने दुपारी बारा वाजता बागेत तो उलट स्पष्ट होतो; रात्री मात्र त्याला मागचा दिवा लागतो आणि पामच्या २००२ च्या स्वस्त झायरसारख्या काही नमुन्यांत तो दिलेलाच नाही. सेलांचा हिशोबही याच्याशी जोडलेला आहे. करड्या पडद्याचे पाम पेन्सिल सेलांवर काही आठवडे चालते, तर रंगीत उपकरण दर एक-दोन दिवसांनी चार्ज करावे लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाचे तास मोठे होते, तेव्हा वाडीवस्तीवर किराणा दुकानातही मिळणाऱ्या सेलवर चालणारे यंत्रच भरवशाचे ठरले. नोंदलेखकाच्या मते आजही हाच प्रकार निवडावा, कारण अंगचा लिथियम सेल वीस वर्षांनी फुगलेला वा मेलेला निघतो आणि त्याच मापाचा नवा मिळवणे जिकिरीचे असते.

संगणकाशी जोडणी हा पामचा मोठा गुण होता : उपकरण पाळण्यात (संगणकाला जोडलेल्या बैठकीत) ठेवून एक कळ दाबली की दोन्हीकडच्या नोंदी सारख्या होत. परंतु आरंभीच्या पाळण्यांना लागणारे सीरियल पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाही. जोडणी हवी असल्यास यूएसबीचा नमुना पाहावा, नको असल्यास हा मुद्दा सोडून द्यावा.

आता खरेदी होते ती वापरलेल्या उपकरणांचीच, मग ती ऑनलाइन असो वा महात्मा गांधी रोडवरील एखाद्या दुकानाच्या खालच्या खणातून. सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा क्षार जमलेला नाही ना, हे आधी पाहावे. गळलेल्या सेलने संपर्कपट्टी खाल्ली असेल तर पुढचे पाहण्यात अर्थ नाही. पडद्यावर तुटक उभ्या-आडव्या रेघा आहेत का, आणि लेखणी टेकवली तेथेच खूण उमटते की बोटभर बाजूला, हे तपासावे. दुसरा दोष पडदा पुन्हा जुळवून घेतल्याने बहुधा जातो, पहिला जात नाही. जुन्या मालकाचे पत्ते त्यात शिल्लक असल्यास ते त्याच्यासमोर पुसावेत, आणि आपल्याही नोंदींत एटीएमचा पिन लिहू नये, कारण या उपकरणांचे कुलूप कच्चे असते. शेवटी दोन मिनिटांनंतरचा गजर लावून, उपकरण सदऱ्याच्या खिशात टाकून रविवार कारंजाच्या दिशेने थोडे चालून यावे. रिक्षांच्या भोंग्यांतून तो पिटुकला आवाज कानी आला नाही, तर पैसे देण्यापूर्वी गजराचा आवाज वाढवण्याची सोय आहे का, ते विचारून घ्यावे.